रशियात विनोदाचा कागद आधी कोण वाचतं

प्रश्न असा होता की रशियात स्टँडअप करणारे लोक येतात कुठून, आपल्यासारखंच ओपन माइक, म्हणजे नवख्यांनाही मंच मिळतो ते शो, करत करत वर जातात का, पोट कशावर भरतं, आणि २०२२ च्या युक्रेन युद्धानंतर ते सगळे देश सोडून गेले हे खरं का. मी २०१४ ते २०१९ मॉस्कोत दुभाषी म्हणून काम करत होतो, दिवसभर मशिनरीचे करार आणि संध्याकाळी तळघरातले कॉमेडी क्लब असं पाच वर्षं चाललं, आणि पुण्यात परत आल्यापासून स्वतः मराठीत स्टँडअप करतोय, म्हणून लिहायला बसलो. उत्तर लांबणार आहे.

आधी हे डोक्यातून काढा की तिकडेही आपल्यासारखंच अमेरिकन व्हिडिओ बघून सुरू झालं. तो भाग आहे, पण खूप नंतरचा. एका माणसाने माइकसमोर उभं राहून हजार लोकांना हसवायचं हे सोव्हिएत काळातही जोरात चालायचं, त्या सगळ्या रंगमंचाला 'एस्त्रादा' म्हणतात, म्हणजे गाणी, नकला, जादूचे प्रयोग, किस्से, निवेदन सगळं एका कार्यक्रमात, आणि त्यातला जो नुसता बोलायचा भाग त्याला 'राझगोवोर्नी झान्र', बोलण्याचा प्रकार. त्यातला सगळ्यात मोठा माणूस आर्कादी रायकिन, जन्म १९११, रीगा. १९३९ मधे एस्त्रादाच्या अखिल-सोव्हिएत स्पर्धेत पहिला आला, मग जवळजवळ आयुष्यभर लेनिनग्राडमधे स्वतःचं छोट्या प्रहसनांचं थिएटर चालवलं, काही सेकंदात मुखवटा आणि कोट बदलून दुसराच माणूस होऊन यायचा. दुकानदार, साहेब, कारकून, दारुडा, सगळे. ऐंशीच्या दशकात मॉस्कोला गेला, १९८७ मधे वारला.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. रायकिन स्वतः फारसं लिहायचा नाही. लिहिणारा वेगळा, बोलणारा वेगळा, आणि या दोघांच्या मधे तिसरा माणूस, कागद वाचणारा. १९२२ ते १९९१ पर्यंत 'ग्लावलित' नावाचं सरकारी खातं होतं, त्याच्या शिक्क्याशिवाय छापायचं नाही, आणि मंचावर बोलायच्या मजकुरालाही आधी मंजुरी लागायची. कलाकार लोक यालाच 'लित' मिळाला म्हणायचे. आपल्याकडे नाटकवाल्यांना परिनिरीक्षण मंडळ माहितीये, संहिता आधी दाखल करायची, प्रमाणपत्र घ्यायचं, तसंच पण कितीतरी पट घट्ट, कारण तिथे थिएटर सरकारचं, पगार सरकारचा, दौऱ्याचं तिकीटसुद्धा सरकारचं. मंजूर कागदाबाहेरचं एक वाक्य बोललं की दौरा रद्द होऊ शकायचा. म्हणून तिथला विनोद वाक्यात कमी आणि थांबण्यात जास्त असायचा. शब्द मंजूर झालेले असतात हो, पण भुवई वर करायला मंजुरी कोण देणार. प्रेक्षकही तेवढे तयार, अर्ध्या पॉजवर हसायचे. मी मॉस्कोत म्हाताऱ्या लोकांबरोबर जुनी रेकॉर्डिंग्ज बघायचो तेव्हा ते ज्या ठिकाणी हसायचे तिथे मला भाषांतर करायला काहीच सापडायचं नाही, कारण तिथे शब्दच नव्हते.

मग आला मिखाइल झ्वानेत्स्की, आणि मला विचाराल तर आजच्या रशियन स्टँडअपचा खरा बाप हाच. १९३४ चा, ओडेसाचा, जहाजबांधणी-बंदर प्रकारातलं इंजिनिअरिंग शिकलेला, ओडेसाच्या बंदरात क्रेनचा मेकॅनिक म्हणून वर्षानुवर्षं काम केलेला. कॉलेजच्या हौशी थिएटरमधले त्याचे दोन मित्र, रोमान कार्त्सेव आणि विक्टोर इल्चेंको, रायकिनकडे गेले, पाठोपाठ १९६४ मधे हाही लेखक म्हणून लेनिनग्राडला गेला. रायकिनची गाजलेली बरीच प्रहसनं याची. पण काही वर्षांनी दोघांचं फाटलं, झ्वानेत्स्की ओडेसाला परतला, आणि मग हळूहळू तो स्वतःच मंचावर येऊन आपलं लिखाण वाचायला लागला. वाचायला, पाठ करून नाही. वडिलांची जुनी चामडी ब्रीफकेस घेऊन यायचा, त्यातून कागद काढायचा, आणि वाचायचा. वडील डॉक्टर होते, ती त्यांची बॅग. आपल्याकडचं कथाकथन डोळ्यासमोर आणा, पण वेग दुप्पट आणि वाक्यं अर्धवट तोडलेली, श्वास कुठे घेतोय कळू नये इतकी. बरंच लिखाण छापलं जायचंच नाही, पण लोक कार्यक्रमाला टेपरेकॉर्डर घेऊन बसायचे आणि त्या टेपच्या कॉप्यांच्या कॉप्या सगळ्या देशभर फिरायच्या. म्हणजे लिहिणारा आणि बोलणारा एकच झाला तो इथे, आणि कागद वाचणाऱ्या तिसऱ्या माणसाला वळसा घालून विनोद लोकांपर्यंत पोचला तोही इथे. २०२० मधे गेला तो. त्या दिवशी माझ्या रशियन मित्रांचे जे मेसेज आले त्यात कोणी कॉमेडियन गेला असं लिहिलं नव्हतं, सगळ्यांनी घरातलं माणूस गेल्यासारखं लिहिलं होतं.

त्याच पिढीतला थोडा धाकटा मिखाइल झादोर्नोव, १९४८ ते २०१७, तोही इंजिनिअर, विमानाचा, मॉस्को एव्हिएशन इन्स्टिट्यूट. याचा एक प्रसंग रशियात सगळ्यांना माहितीये. ३१ डिसेंबर १९९१ च्या रात्री, सोव्हिएत संघ आठवड्यापूर्वीच संपलेला, दरवर्षी राष्ट्रप्रमुख जिथून टीव्हीवर नववर्षाच्या शुभेच्छा देतो तिथून शुभेच्छा द्यायला चक्क झादोर्नोव उभा होता. लाइव्ह. आणि तो वेळेपेक्षा जास्त बोलला म्हणून क्रेमलिनच्या घड्याळाचे ठोके उशिरा दाखवावे लागले असं तिथे सांगतात. नंतर त्याने अमेरिकन लोक कसे मठ्ठ यावर वर्षानुवर्षं कार्यक्रम केले, ते मला कधीच आवडले नाहीत, पण लोकप्रियता अफाट होती. नव्वदच्या आणि त्यापुढच्या दशकात टीव्हीवर 'आन्श्लाग' सारखे कार्यक्रम, येव्गेनी पेत्रोस्यानसारखी मंडळी, तेच तेच सासू-जावयाचे विनोद. नव्या पिढीला त्याचा इतका कंटाळा आला की आजही कुठल्या तरुण कॉमिकला 'पेत्रोस्यान' म्हटलं तर त्याला ती शिवी वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, लोक येतात कुठून. उत्तर एका शब्दात: कावेएन. पूर्ण नाव 'हसऱ्या आणि हजरजबाबी लोकांचा क्लब', १९६१ मधे टीव्हीवर सुरू झाला, १९७२ मधे बंद केला, १९८६ मधे परत सुरू. कॉलेजांच्या टीम, प्रहसनं, गाणी, प्रश्नाला ऐन वेळी उत्तर. साठच्या दशकापासून शेवटपर्यंत चेहरा एकच, अलेक्सांद्र मास्ल्याकोव, तो २०२४ मधे वारला. हे आपल्या पुरुषोत्तम किंवा फिरोदिया करंडकासारखं समजा, फरक एवढाच की तो करंडक राष्ट्रीय टीव्हीवर असतो आणि शाळा, कारखाने, गावं, अगदी तुरुंगातसुद्धा त्याच्या खालच्या लीग चालतात. दर जानेवारीत सोचीला मोठा मेळावा भरतो, देशभरातून शेकडो टीम ट्रेनने जातात, आणि तिथून वर्षभराच्या लीगमधे कोण जाणार ते ठरतं. वोलोदिमिर झेलेन्स्की, युक्रेनचे आत्ताचे अध्यक्ष, तेही क्रिवी रिहच्या टीममधून याच मंचावर मॉस्कोत खेळलेत.

यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे रशियन कॉमिकचं शिक्षण बघा तुम्ही. गारिक मार्तिरोस्यान येरेवानच्या मेडिकल युनिव्हर्सिटीतून न्यूरोलॉजी शिकलेला डॉक्टर. सेर्गेइ स्वेत्लाकोव येकातेरिनबर्गच्या रेल्वे युनिव्हर्सिटीचा. सेम्योन स्लेपाकोवकडे अर्थशास्त्रातली डॉक्टरेटच्या जवळची पदवी. रुस्लान बेली तर लष्करी अधिकारी, वडीलही लष्करात, जन्म प्रागमधे कारण तेव्हा वडिलांची नेमणूक तिकडे. युलिया अख्मेदोवा किरगिझस्तानात जन्मलेली लष्करी घरातली मुलगी, वोरोनेझच्या बांधकाम युनिव्हर्सिटीत शिकली आणि तिथल्या कावेएन टीमची कॅप्टन झाली. म्हणजे इंजिनिअरिंग सोडून कॉमेडी करणारा पोरगा आपल्याला आजकालचा वाटतो ना, तिकडे ती साठ वर्षांची वाट आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कावेएनमधे सामन्याआधी 'रेदाक्तुरा' असते. टीमने एडिटरसमोर सगळा मजकूर करून दाखवायचा, एडिटर सांगणार हे ठेवा, हे काढा, हे पुन्हा लिहा, रात्रभर बसून पोरं नवीन लिहिणार, सकाळी परत दाखवणार. हे नुसतं राजकारणासाठी नसतं, विनोद फसतोय म्हणूनही काढतात, आणि त्यातून पोरांना जी सवय लागते ती जबरदस्त असते, मी पाहिलेल्या कावेएनवाल्या लेखकांइतकं भराभर, एकाच विषयावर वीस पर्याय काढणारं लिखाण मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. पण त्याच सवयीत हेही येतं की आपला कागद कोणीतरी आधी वाचणार आहे. वयाच्या अठराव्या वर्षापासून.

कावेएनच्या 'नवे आर्मेनियन' या टीममधल्या मंडळींनी, मार्तिरोस्यान, आर्तुर जानिबेक्यान वगैरे, मॉस्कोत 'कॉमेडी क्लब' काढला, २००५ मधे तो तेएनते चॅनेलवर आला आणि एका रात्रीत पेत्रोस्यानची पिढी म्हातारी झाली. पण तोही प्रहसनांचाच कार्यक्रम. एकटा माणूस, एक माइक, स्वतःचं आयुष्य, हे टीव्हीवर आलं २०१३ मधे, त्याच चॅनेलच्या 'स्टँड अप' या कार्यक्रमातून. सूत्रधार बेली, सोबत अख्मेदोवा, बेलारूसच्या मिन्स्कचा स्लावा कोमिस्सारेन्को, व्लादिकाव्काझचा तिमूर कार्गिनोव, तोम्स्कचा स्तास स्तारोवोइतोव, आणि कझाकस्तानच्या स्तेप्नोगोर्स्कमधून येकातेरिनबर्गला शिकायला आलेला नुर्लान साबुरोव. नावं आणि गावं बघा, मॉस्कोचं त्यात जवळजवळ कोणी नाही. अख्मेदोवाने एकटेपणा, डिप्रेशन यावर मंचावर जे बोलायला सुरुवात केली ते तिथे बाईच्या तोंडून कोणी ऐकलेलं नव्हतं. आज रशियन बोलणाऱ्या मुली माइक घेऊन उभ्या राहतात, त्यात तिचा वाटा खूप मोठा.

तुम्ही विचारलेला ओपन माइक यानंतरचा. 'ओत्क्रीती मिक्रोफोन', लाडाने 'ओत्क्रीतिक'. २०१४ मधे मी गेलो तेव्हा मॉस्कोत बारच्या मागच्या खोल्यांमधे बारा-पंधरा लोकांसमोर चालायचा, २०१९ पर्यंत फक्त स्टँडअपसाठीचे क्लब उघडले होते आणि रात्री दोन-तीन शो लागायचे. ज्याला आपण ट्रायल शो म्हणतो त्याला ते 'प्रोवेर्का मातेरिआला' म्हणतात, मालाची तपासणी. तिकीट स्वस्त, मोबाइल खिशात ठेवायचे, कॉमिकच्या हातात वही. आणि चार कॉमिक एकत्र बसून एकमेकांच्या विषयावर जोक जोडत जातात त्याला 'राझगोन', म्हणजे वेग पकडणं. मी अशा बैठकींना कोपऱ्यात बसलोय, कोणी हसत नाही तिथे, डोकं हलवून 'काम करतं' एवढंच म्हणतात.

पैशाचं. टीव्हीवर चेहरा दिसतो, त्यावर पोट भरत नाही. पोट भरतं दोन गोष्टींवर. एक 'कोर्पोरातिव', कंपन्यांच्या पार्ट्या, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा म्हणजे तिथल्या कॉमिकचा लग्नसराईचा मोसम, एका रात्रीत दोन-तीन सुपाऱ्या. आपले लोक सुपारी म्हणतात तसा त्यांचा शब्द 'खालतूरा', जरा कमीपणाचाच. दुसरं म्हणजे दौरा, आणि सलग रोज नवं शहर, तीस दिवसांत पंचवीस शो असा पिळून काढणारा दौरा असेल तर 'च्योस', मूळ अर्थ कंगवा फिरवणं किंवा खाजवणं. वोरोनेझ, समारा, पेर्म, ओम्स्क, क्रास्नोयार्स्क, सोव्हिएत काळातले 'संस्कृती भवन' हॉल, थंडीत ट्रेन. ज्यांनी नाटकाच्या बसमधून कोकण-विदर्भ केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आणि मग युट्यूब. माझ्या मते २०१७ ते २०२१ ही चार-पाच वर्षं रशियन कॉमेडीच्या आख्ख्या इतिहासात अशी होती की कागद आधी कोणीच वाचत नव्हतं. २०१४ च्या जुलैपासून जाहीर कार्यक्रमात शिव्या द्यायला कायद्याने बंदी होती तरी क्लबात कोणी विचारायचं नाही आणि नेटवर तर अजिबातच नाही. दानिला पोपेरेच्नी, १९९४ चा, वोरोनेझचाच, टीव्ही चॅनेलच्या दारात न जाता थेट युट्यूबवर तासाभराचे शो टाकून मोठमोठे हॉल भरायला लागला, चर्चवर, पोलिसांवर, सत्तेवर बोलत. 'पुढे काय झालं' हा साबुरोव आणि मंडळींचा शो २०१९ पासून, त्यात पाहुणा गोष्ट सांगतो आणि हे सगळे त्याला मधेच तोडत राहतात, तो टीव्हीवरच्या कुठल्याही कार्यक्रमापेक्षा जास्त बघितला जायला लागला. मी तेव्हा मॉस्कोत होतो आणि खरंच वाटायचं की आता हे मागे जाणार नाही.

पण आधी वाचणारा गेला तेव्हा नंतर ऐकणारा आला. जानेवारी २०२० मधे अलेक्सांद्र दोल्गोपोलोव या कॉमिकच्या एका जुन्या शोबद्दल पोलिसांनी क्लबकडे चौकशी केली, येशू आणि मेरीवरचे विनोद, धार्मिक भावना दुखावल्याचा २०१३ चा कायदा. तो काही काळ देशाबाहेर गेला. २०२१ मधे दुसरा कॉमिक इद्राक मिर्झालिझादे, बेलारूसचा नागरिक, मूळ अझरबैजानी घरातला. त्याने मॉस्कोत भाड्याने घर शोधताना 'फक्त स्लाव्ह लोकांना' अशा जाहिराती कशा असतात यावर विनोद केला, आधीच्या रशियन भाडेकरूने मागे टाकलेली घाण गादी, आणि त्यावरून आख्ख्या रशियन समाजाबद्दल निष्कर्ष काढायचा, म्हणजे त्याच्याबद्दल लोक जसा काढतात तसाच. विनोदाचा मुद्दाच तो होता. त्यातला एक तुकडा कापून पसरवला गेला, धमक्या आल्या, रस्त्यात मारहाण झाली, त्याने माफी मागितली, ऑगस्टमधे १० दिवस कोठडी झाली आणि महिनाअखेर गृहखात्याने जाहीर केलं की याला रशियात कायमची बंदी. हे युद्धाच्या आधीचं आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळे समजतात की फेब्रुवारी २०२२ ला सगळं बिघडलं.

२०२२ ला झालं ते असं. ४ मार्चला सैन्याबद्दल 'खोटी माहिती' या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत शिक्षेचा कायदा आला. त्याच महिन्यात गुगलने रशियातल्या प्रेक्षकांवरचं जाहिरातीचं उत्पन्न थांबवलं, म्हणजे युट्यूबवर जगणाऱ्यांचा एक पाय तिथेच गेला. बेली, अख्मेदोवा, दोल्गोपोलोव बाहेर पडले. कोमिस्सारेन्को त्याआधीच गेला होता, बेलारूसचे अध्यक्ष लुकाशेन्को यांच्यावर विनोद केल्यामुळे आपल्याला पकडून बेलारूसच्या ताब्यात देतील असा इशारा मिळाल्याचं त्याने स्वतः सांगितलंय. माक्सिम गाल्किन, वीसेक वर्षं टीव्हीवरचा सगळ्यात लाडका नकलाकार, त्याला सप्टेंबर २०२२ मधे 'परदेशी एजंट' ठरवलं. हा शिक्का म्हणजे काय हे नीट समजून घ्या. प्रत्येक पोस्टवर मोठ्या अक्षरात तसं लिहायचं, सरकारी हॉल नाही, मार्च २०२४ च्या कायद्यानंतर तुमच्या चॅनेलवर कोणी जाहिरात द्यायची नाही, आणि मार्च २०२५ पासून रशियात मिळणारी रॉयल्टी वगैरे एका खास खात्यात जाते जे शिक्का निघेपर्यंत तुम्हाला वापरताच येत नाही.

म्हणजे सगळे गेले का? नाही, बहुतेक जण तिथेच आहेत. कॉमेडी क्लब चालू आहे, हॉल भरतायत, नवे ओत्क्रीतिक होतायत. त्यांच्याबद्दल भित्रे वगैरे बोलायला मी तयार नाही, आईवडील तिथे, भाषा तिथे, आणि विनोदी माणसाची भाषा गेली की काही उरत नाही. ते नात्यांवर, मुलांवर, घराच्या हप्त्यांवर बोलतात आणि चांगलं बोलतात. पण तेवढ्यानेही माणूस सुरक्षित राहतोच असं नाही. आर्तेमी ओस्तानिन नावाच्या कॉमिकने मेट्रोत चाकाच्या फळीवरून फिरणाऱ्या पाय नसलेल्या माणसावर विनोद केला, लोकांनी तो युद्धातल्या सैनिकावर आहे असं धरलं, तो म्हणाला मी सैनिक म्हटलेलंच नाही. मार्च २०२५ मधे बेलारूसमधे पकडून त्याला मॉस्कोला आणलं, द्वेष पसरवल्याचा गुन्हा, तुरुंग. मला तो विनोद आवडला नाही. पण वाईट विनोदाची शिक्षा म्हणजे हॉलमधली शांतता, आणि ती आम्हा सगळ्यांना मिळालेली आहे, पुरेशी असते.

बाहेर गेलेल्यांचं वेगळंच दुखणं. तिबिलिसी, येरेवान, अल्माती, बेलग्रेड, तेल अवीव, बर्लिन, लिमासोल असं रशियन बोलणाऱ्यांचं एक नवं सर्किट तयार झालंय, हॉल दीडशे-दोनशेचे, प्रेक्षक तेच जे कालपर्यंत मॉस्कोत बसायचे. आपल्या गोव्यात मोरजी-हरमलला रशियन पाट्या दिसतात, तसले लोक जगभर पसरलेत. पण दौराही सगळीकडे होत नाही, गाल्किनला २०२४ च्या सुरुवातीला इंडोनेशियात प्रवेश नाकारला गेला असं त्याने स्वतः सांगितलं. आणि मजकुराचं काय? या लोकांचं सोनं म्हणजे रोजचं निरीक्षण, दवाखान्यातली रांग, जिन्यातली शेजारीण, मेट्रोतला माणूस. ते दर महिन्याला जुनं होत चाललंय. व्हिसा, घरभाडं, परकी भाषा हे विषय पहिल्या शोला हसवतात, तिसऱ्या शोला सगळेच तेच बोलत असतात. माझ्या ओळखीचा एक जण, मॉस्कोत मला पहिल्यांदा वही दाखवणारा, आता काकेशसमधल्या एका शहरात राहतो, मला फोनवर म्हणाला की इथे मला काहीही बोलायची परवानगी आहे आणि मी रोज रात्री आईला फोन करून विचारतो की आज दुकानात काय झालं, रांगेत कोण काय बोललं, सगळं सांग. तेवढंच मटेरियल.

तुम्ही रशियन शिकताय असं लिहिलंय म्हणून शेवटचं सांगतो, कुठून बघायला सुरुवात करायची ते. पोपेरेच्नीपासून नको, शिव्या आणि स्लँगच्या जंगलात हरवाल. आधी अख्मेदोवा, तिचं रशियन स्वच्छ आहे, वेग कमी आहे. मग कोमिस्सारेन्को. कान जरा तयार झाला की झ्वानेत्स्की, सबटायटल बंद करून, दोनदा. पहिल्यांदा शब्द ऐका. दुसऱ्यांदा तो कागद उलटतो तेव्हा हॉलमधे काय होतं तेवढंच ऐका.